शिमग्याचं मढं

हरिचंद्राच्या विनोदात काहीतरी बिघडलंय, हे त्याच्या बायकोच्या, ठमीच्या, ध्यानात पावसाळ्यातच आलं होतं. शिमगा आला तरी गावात दुसऱ्या कुणाच्या ते ध्यानात येईना.

बदलापूरच्या अलीकडच्या त्या पाड्यात हसरा नवरा म्हणजे बाईचं नशीब मानत, आणि ठमीच्या नशिबाचं तर गावभर कौतुक होतं. लावणी असो की झोडणी, हरिचंद्र ज्याच्या शेतावर, त्याचं काम दुपारीच उरकायचं. चिखलात वाकलेल्या बाया त्याच्या गोष्टी ऐकत कंबरदुखी विसरायच्या. तलाठ्याची चाल, थोरल्या भावाचं, म्हणजे चांगोचं घोरणं, शेजारच्या राजाबाईचा भरदुपारी आरवणारा कोंबडा, कुणाला म्हणून त्याने सोडलं नव्हतं. एक खोड मात्र होती. गोष्ट संपायच्या आधी तोच खो खो हसत सुटायचा, आणि शेवट कधी धड ऐकायलाच मिळायचा नाही. ठमी या खोडीवरच तर भाळली होती.

पुढे तो अंबरनाथला काडेपेट्यांच्या कारखान्यात लागला. तिथेही चार वर्षांत सगळ्यांचा लाडका झाला. मग गेल्या पावसाळ्यात काय फिरलं कोण जाणे. पोर दगावलं नव्हतं, बैल मेला नव्हता, भावाभावांत तंटा नव्हता. तसलं काही असतं तर लोकांनी निदान दोन शब्द तरी विचारले असते. घरी आला की तो ओट्यावर बसायचा, ताटातल्या भाताला बोटं लावायचा आणि ताट बाजूला सारायचा. ठमीने चार प्रश्न विचारले की एकाचं उत्तर यायचं, तेही "हूं".

बाहेर मात्र तोच हरिचंद्र. फक्त त्याच्या गोष्टींतून आता तलाठी गेला होता, चांगो गेला होता, कोंबडासुद्धा गेला होता. राहिला होता एकटा तोच, आणि गोष्टीच्या शेवटी तोही उरत नसे.

"यंदा भात बरा झाला. मना जालाया पेंढा पुरंल!"

"दिसाला हजारो काड्या करतो मी. एक माजे नावाची बाजूला ठेवलीय!"

लोक पोट धरून हसत. तो स्वतः हसत नसे. गोष्ट कशी सरळ शेवटापर्यंत जायची. "हरिचंद्र आता खरा तयार झाला," असं लोक म्हणायचे, आणि ठमीला वाटायचं, एकेकाचं डोकं धरून पाट्यावर वाटावं.

तिने सांगून पाहिलं नाही असं नाही. डोक्यावर पदर ओढून, दाराआड उभं राहून तिने जेठाला, चांगोला सांगितलं, "दादा, यांना काय तरी होतंय."

"अगो, जो मानूस गावाला हासवतं, त्याला काय व्हनार?" चांगो म्हणाला. "रडत बसला असता तं मीच नेला असता भगताकडं."

राजाबाईचा नवरा घुमा; ती तर पाणवठ्यावर ठमीवरच उलटली. "माजा दाल्ला एक शबूद बोलंना, आन तुला फुकटचा तमाशा मिलतंय तं तू रडतंस!" ठमीने कळशी उचलली आणि ती पाणी न भरताच घरी आली. संताप असा, की चुलीतलं लाकूडसुद्धा तिने त्या दिवशी आपटून आत घातलं.

मग एका रविवारी ती नवऱ्याला घेऊन उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात गेली. तिथे बराकीतल्या एका खोलीत सिंधी डॉक्टर बसायचा. फाळणीत घरदार सोडून आलेला माणूस, त्याला तरी दुसऱ्याच्या जिवाचं कळेल, अशी तिची आशा. तिने सगळं सांगितलं. झोप नाही, जेवण नाही, सारखं मरणाचं बोलणं. डॉक्टरला तिची बोली कळेना आणि तिला हिंदी येईना. तेव्हा तिचं बोलणं हिंदीत सांगायला पुढे सरसावला कोण? हरिचंद्रच!

"डाक्टर, मेरी औरत बोलती, मैं मरने का बात करता. मैं बोला, इतने साल तेरे हाथ का खाना खाके नहीं मरा, अब क्या मरेगा!"

डॉक्टर हसला. छातीला नळी लावतानाही हसतच होता. भूक लागायची लाल औषधाची बाटली त्याने दिली, आणि ठमीने ती वाटभर पदरात धरून आणली. तिचं बोलणं डॉक्टरपर्यंत पोचलं, पण नवऱ्याच्याच तोंडून, चेष्टा होऊन. आता कुणापुढे डोकं फोडायचं?

शिमगा आला. होळीच्या दुसऱ्या दिवशी त्या पाड्यात जिवंत माणसाचं मढं काढायची जुनी रीत. बांबूच्या ताटीवर माणूस निजवायचा, ढोल वाजवत, खोटं रडत त्याला गावातून मिरवायचा. शिवेवर मडकं फुटलं की मढ्याने टुणकन उठून पळायचं आणि बाकीच्यांनी चिखल मारत मागे लागायचं. यंदा मढं व्हायला हरिचंद्र आपणहून तयार झाला. गाव खूश.

"नको जाव," ठमी दारात आडवी झाली. "तुमच्या पाया परते."

"गावाला हासवतो आन येतो," तो म्हणाला, आणि तिच्या बाजूने निघून गेला.

ती घरात बसून राहिली, पण ढोल शिवेकडे गेला तसं तिला बसवेना. ती पोचली तेव्हा मडकं फुटलेलं होतं. ताटी जमिनीवर होती. हरिचंद्र उठला नव्हता.

लोक हसून लोळत होते. कुणी चिखल मारला. कुणी पेंढ्याच्या काडीने त्याच्या तळपायाला गुदगुल्या केल्या. तो हलला नाही. "काय सोंग वठवलंय!" चांगो डोळे पुसत म्हणाला. ठमी वाकली. तोंडाला फासलेल्या राखेतून पाण्याची एक ओली रेघ डोळ्यापासून कानापर्यंत गेली होती.

"उठा," ती कुजबुजली.

"राहू दे ना, ठमे," डोळे न उघडता तो म्हणाला. "बरं वाटतंय."

बाजूला उभ्या एकाने ते ऐकलं आणि मोठ्याने सगळ्यांना सांगितलं. पुन्हा हशा पिकला.

तेव्हा ठमी गुडघ्यांवर बसली आणि तिने दोन्ही हात ताटीच्या बांबूवर आपटले. एकदा, दोनदा. हिरव्या काचा हरिचंद्राच्या छातीवर उडाल्या. मनगटातून रक्त आलं. तिसऱ्यांदा आपटले तेव्हा हातात एकही बांगडी उरली नव्हती.

ढोल थांबला.

"अगो, याड लागलं का तुला?" चांगो ओरडला. "जित्त्या दाल्ल्याचा चुडा फोरतंस?"

"मना याड लागलं ते तुमाला लगेच दिसलं, दादा!" जेठापुढे पहिल्यांदाच तिचा पदर डोक्यावर नव्हता. "यांचं पावसाल्यापासनं दिसंना!"

जे चिखल हातात धरून उभे होते त्यांनी तो हळूच खाली टाकला. चांगो ताटीजवळ आला, भावाच्या तोंडाकडे बघत राहिला आणि तिथेच मातीत बसला.

हरिचंद्राने डोळे उघडले नाहीत. "ठमे," त्याने विचारलं, "हासायचे थांबले?"

"थांबले."

तेव्हा कुठे तो उठून बसला.