शेवंतीच्या बागेतून केलेला फोन

"ग्रँड नाहीये. मोडलंय!"

असं ओरडण्याआधी ताई चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या. तो टेबलावर दिसला की डब्लिनमधल्या आमच्या सँडीफोर्डच्या ऑफिसात आसपासचे लोक हळूच कॉफी आणायला उठायचे. आयर्लंडमध्ये राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, इथे सगळंच 'ग्रँड', म्हणजे ठीकठाक, असतं. पाऊस ग्रँड, उशीर ग्रँड, पाय फ्रॅक्चर झाला तरी ग्रँड. ताईंचं काम सॉफ्टवेअर तपासायचं. सांगली सोडून इथे येऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली होती, पण हा एक शब्द काही त्यांना पचला नाही.

मी त्यांना ताई म्हणायचे, म्हणून सगळेच म्हणू लागले. आयरिश मंडळींना ते त्यांचं नावच वाटायचं.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. जेवताना त्याच्या शेजारी बसायला नको वाटतं, पण अडचण आली की पाय आपोआप तिकडेच वळतात. मी नवी होते तेव्हा ऐन थंडीत माझ्या खोलीतलं हीटिंग बंद पडलं. घरमालक रोज 'उद्या बघतो' म्हणायचा. ताई शनिवारी जाऊन त्याच्या दारात उभ्या राहिल्या. संध्याकाळी खोली गरम. मला म्हणाल्या, "रडत काय बसतेस? चीड जरा!"

दोन वर्षांपूर्वी कंपनीने आम्हा दोघींना जपानला पाठवलं. तिथल्या नव्या टीमला आमचं काम शिकवायचं होतं. "त्यांची मदत झाली की तुमच्यावरचा भार हलका होईल," मॅनेजर म्हणाला होता. ताई त्याला कधी नावाने हाक मारत नसत. डब्लिनची माणसं कुणाबद्दलही बोलताना म्हणतात तसं नुसतं 'युअर मॅन' म्हणायच्या, पण असं की शिवी वाटावी.

तिथल्या टीममधली एक मुलगी रविवारी आम्हाला शहराच्या मधोमध असलेली मोठी सार्वजनिक बाग दाखवायला घेऊन गेली. चहूबाजूंना उंच इमारती आणि आत नजर पोहोचेपर्यंत हिरवळ. एवढी माणसं, पण गोंगाट नाही. तळ्याकाठी एक आजोबा स्टुलावर बसून चित्र काढत होते. बांबूच्या मांडवांत शेवंतीचं प्रदर्शन होतं. एकाच रोपाला शेकडो फुलं, घुमटासारखी रचलेली, एकही फूल ओळीबाहेर नाही. मी बघतच राहिले. ताई मात्र वाकून फुलांच्या खाली डोकावत होत्या.

"प्रत्येक फुलाला तारेचा आधार दिलाय," त्या म्हणाल्या. "आमच्या परसात शेवंती कशीही वाढायची. पण मेहनत आहे हं यांची. वर्षभर कुणीतरी खपलं असणार."

इतक्या निवांत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आम्ही हिरवळीवर बसलो. त्या मुलीने घरून भाताचे गोळे करून आणले होते. ती ताईंना आदराने 'ताई-सान' म्हणायची. खाणं झाल्यावर ती अदबीने इंग्रजीत म्हणाली, "एप्रिलपासून तुमचं सगळं काम आम्ही सांभाळू. डब्लिनची टीम बंद झाली तरी तुम्ही पाहुण्या म्हणून नक्की या."

मला आधी कळलंच नाही. ताईंना कळलं. त्यांनी चष्मा काढला. टेबल नव्हतं, म्हणून गवतावर ठेवला आणि मॅनेजरला फोन लावला.

"ताई, तिकडे पहाट आहे. झोपला असेल तो."

"उठेल."

तो उठला. परत आलात की निवांत बसून बोलू, सगळं ग्रँड होईल, असं काहीतरी म्हणाला असावा. कारण पुढच्या क्षणी ताईंचा आवाज अख्ख्या बागेत घुमला. "लोकांनी घरांसाठी कर्जं काढलीत! एकीला बाळ होणारे! आमची नोकरी आमच्याच हातांनी काढून घेतोस आणि वर विमानाचं तिकीट देतोस?"

चित्र काढणाऱ्या आजोबांचा हात थांबला. लोक मान खाली घालून लांबून जाऊ लागले. ती मुलगी उठून उभी राहिली आणि रडत रडत पुन्हा पुन्हा वाकून माफी मागू लागली. तिला वाटलं होतं, आम्हाला माहीत आहे.

"तू कशाला माफी मागतेस?" ताई तिच्यावरही ओरडल्या. "खबरदार पुन्हा वाकलीस तर!" आणि आपला रुमाल तिच्या हातात कोंबला.

सोमवारी त्यांनी तिथल्या ऑफिसात सरळ सांगितलं, "डब्लिनच्या लोकांना खरं कळेपर्यंत मी शिकवणार नाही." मीही लॅपटॉप मिटायला लागले, तर मराठीत माझ्यावर खेकसल्या, "तू शिकव! तुझं वर्क परमिट कंपनीच्या हातात आहे. माझ्याकडे आयरिश पासपोर्ट आहे, मी भांडते."

"पण ताई..."

"उघड तो लॅपटॉप!"

मग त्यांनी हॉटेलमधून डब्लिनच्या एकेकाला स्वतः फोन करून सांगितलं. शेवटी मॅनेजरला सगळ्यांना बोलावून कबूल करावं लागलं. टीम काही वाचली नाही, पण नोकऱ्या शोधायला लोकांना अख्खा हिवाळा मिळाला. बाळ होणाऱ्या मुलीला वेळेत दुसरीकडे काम मिळालं. मला डब्लिनमध्येच, ग्रँड कॅनाल डॉकला मिळालं. ताईंना मात्र गुप्त माहिती फोडली म्हणून परतल्या परतल्या काढून टाकलं.

हे लिहितानाही मला संताप येतो. नोकऱ्या जातात, तेवढं कळतं मला. पण ज्यांच्या पोटावर पाय द्यायचा, त्यांनाच हसत हसत फिरायला पाठवायचं? आणि खरं बोलणारीला दाराबाहेर काढायचं?

ताई आता पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवेला राहतात. फोनवर फार बोलत नाहीत. "कामात आहे," म्हणतात.

आमच्या टीमच्या शेवटच्या दिवशी मॅनेजरने केक आणला. मोठं भाषण केलं, आम्ही कसे एका कुटुंबासारखे होतो वगैरे. ताईंबद्दल एक शब्दही नाही. तेव्हा आमच्यातला एक वयस्क आयरिश सहकारी, ज्याचं त्यांच्याशी दररोज वाजायचं, मागून म्हणाला, "ताईला बोलावलं का?"

"ते बरं दिसलं नसतं," मॅनेजर म्हणाला.

त्या माणसाने हातातली रिकामी बशी खाली ठेवली आणि कोट उचलला. मग दुसऱ्याने. मग मीही. आम्ही जिना उतरलो तेव्हा वर काचेच्या खोलीत युअर मॅन सुरी हातात धरून एकटाच उभा होता.