झलमयच्या गॅरेजमधला प्रॉम्प्टर

शनिवारी सकाळी दहाला झलमयच्या गॅरेजचं दार घरघरत वर सरकलं. आत लाल गालिचा, भिंतीशी तक्के, हिरव्या चहाचे पेले आणि तिपाईवर फोन. झलमय मूळचा कंदाहारचा, इथे अमेरिकेत फ्रीमाँटमध्ये इलेक्ट्रिशियन. दर आठवड्याला घरच्या माणसांना घेऊन तो पश्तू भाषेत सासू-जावयाच्या भांडणाचा व्हिडिओ करायचा. आणि मागच्या कोपऱ्यात, पेला धरून, जगन्नाथ!

समोरच्या अंगणात गुरुदत्तराव गुलाबांना पाणी घालत होते. निम्मं पाणी बुटांवर पडत होतं.

"अहो, नळ बंद करा," वसुधाकाकू खिडकीतून म्हणाल्या. "एवढ्या पाण्याने ती आग विझायची नाही."

गुरुदत्तराव पस्तीस वर्षं मराठी मंडळाचे नायक. जगन्नाथ तितकीच वर्षं विंगेतला प्रॉम्प्टर. झलमयला व्हिडिओत मागे बसायला दोन म्हातारे हवे होते, तेव्हा "मी मागे बसत नाही," असं गुरुदत्तरावांनीच सुनावलं होतं. जगन्नाथ बसला. पश्तूचं अक्षर कळत नव्हतं, पण तालमी ऐकून वाक्यं कानात बसली, आणि जुन्या सवयीने त्याचे ओठ प्रत्येकाच्या संवादाबरोबर आवाज न करता हलू लागले. लोक खुळावले. सगळ्यांच्या मनातलं ओळखणारा आजोबा! चाळीस लाख लोकांनी तो व्हिडिओ पाहिला. नानच्या दुकानात पोरं त्याच्याबरोबर सेल्फी घेऊ लागली.

गुरुदत्तरावांनी तो व्हिडिओ साठ वेळा पाहिला. मग मानपान बाजूला ठेवून झलमयकडे गेले आणि एक वाक्य मागून आणलं. हकिमाच्या तोंडचं. आठवडाभर आरशासमोर घोटलं. आज त्यांची पाळी होती.

नळ बंद करून ते गॅरेजमध्ये आले, थांबले, हात उंचावला आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा आवाज लावला. आतल्या खोलीत बाळ रडायला लागलं.

"काकाजान, फार छान," झलमय मोडक्या हिंदीत म्हणाला. "फक्त जरा हळू."

सहा टेक झाले. सहाव्यानंतर झलमय मान खाली घालून म्हणाला, "काकाजान, हे वाक्य माझा मेव्हणा बोलेल."

सगळे फोनभोवती जमून हसत होते. गुरुदत्तरावांनीही डोकावलं. पुढे हातवारे करणारे ते, आणि मागे जगन्नाथ. ओठ हलतायत, कपाळावर घाम, डोळे त्यांच्या पाठीवर रोखलेले; जणू हा एक शब्द चुकला तर आपण मेलोच. पस्तीस वर्षांत हे तोंड त्यांना कधी दिसलंच नव्हतं. तेव्हा ते प्रेक्षकांकडे बघत असत.

दोघं रस्ता ओलांडून परतले.

"गुर्‍या, वाईट वाटलं का रे?"

"वाटलं."

"मी पुढच्या वेळी जात नाही. संपलं."

"गाढवा, जायचं!" गुरुदत्तराव खेकसले. मग आवाज खाली आणत म्हणाले, "जळतोय मी, जग्या, रोज जळतोय. झलमयला विचार, तुझ्या शेजारी बसायला जागा आहे का. मी गप्प बसेन."