मान डोलवणारे अप्पा

जेवणं झालीत, भांडी मोरीत पडलीत, आणि मी पेपर तोंडावर घेऊन पुढच्या खोलीतल्या दिवाणावर आडवी झालेय. झोपायचं नाही, नुसती पाठ टेकायची, असं रोजच्यासारखं स्वतःला बजावतेय. संध्याकाळी उत्तमराव काशीद येणार आहेत. आमचा वॉर्ड यंदा बायकांसाठी राखीव झालाय आणि नगरपालिकेच्या निवडणुकीला त्यांच्या पक्षाकडून मी उभं राहावं, असं त्यांचं म्हणणं आहे. हो की नाही, ते आज सांगायचंय. माझा नवरा मुकुंद म्हणतो, तुझं तू ठरव. हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. ठरवायला समोर कुणीतरी लागतं.

पंखा कुरकुरतोय. अक्षरं डोळ्यांच्या इतकी जवळ आलीत की वाचता येत नाहीत. मग कुणीतरी पेपर अलगद उचलतं.

अप्पा आहेत. माझे सासरे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, गावात मान असलेले, दिवाळीच्या आधी गेलेले. अंगात तोच बिनबाह्यांचा स्वेटर. मला एकदम भरून येतं. उठून बसते, पदर सावरते, आणि तेवढ्यात ते पेपरची नीट घडी घालून विचारतात, "कशी आहेस, हेमा?"

इथंच मला संशय येतो. लग्न होऊन आले तेव्हापासून या माणसानं मला कशी आहेस असं कधी विचारलेलं नाही. काय वाचलंस, असं विचारायचे. मी सांगितलं की ते कसं चूक आहे ते समजावून सांगायचे.

आमची दुपार अशीच जायची, चहा आणि भांडण. मत कुणाला द्यायचं, धरणं बांधावीत की नाही, चपाती फुगते ती कशानं, कादंबऱ्या वाचाव्यात का. अप्पांच्या मते कादंबरी म्हणजे खोटं बोलायचा सरकारी परवाना. शेजारणींना वाटायचं, या सासऱ्याचं आणि सुनेचं मुळीच पटत नाही. आणि खरोखर काही ठरवायचं असलं तर अप्पांचा एक नियम होता, उलटी बाजू. मी त्यांच्या बाजूनं बोलायचं, त्यांनी माझ्या. दोघांनीही पोटतिडकीनं. त्याशिवाय चहा गाळायचा नाही. शाळेतली नोकरी सोडावी का, हे मी तसंच ठरवलं होतं. चहाचा पार काढा झाला होता त्या दिवशी.

आता अप्पांच्या हातात एक जाडजूड कादंबरी आहे. "छान आहे गं," म्हणतात.

छान? मी त्यांच्याकडे निरखून बघते. दिवाण लांबत लांबत वाचनालयातल्या बाकाएवढा झालाय. दोन्हीकडे माणसं मान खाली घालून वाचताहेत आणि कुणाच्याच पुढ्यात पुस्तक नाही. पाणी मुरतंय कुठंतरी. मी त्यांची परीक्षा घ्यायचं ठरवते. विचारते, पाण्यात फार वेळ राहिलं की बोटांनाच सुरकुत्या का पडतात?

यावरून आमचं चांगलंच वाजलं होतं. मी म्हणायचे, कातडी पाणी पिऊन फुगते. ते म्हणायचे, हे नसांचं काम, ज्या बोटाची नस तुटलीय त्याला सुरकुती पडत नाही. शेवटी त्यांनी कुठलंसं पुस्तक आणून, पान उघडून माझ्यापुढं टाकलं आणि पुढं कितीतरी दिवस घरभर छाती काढून फिरले.

"तू म्हणतेस तेच बरोबर," अप्पा म्हणतात. "कातडीच फुगते."

जिंकलेलं भांडण अप्पा सोडून देतील? मेल्यावरसुद्धा नाही देणार.

बाक आता नगरपालिकेच्या सभागृहात आहे. बाकांच्या मधून कालवा वाहतोय, आणि नगरसेवक चपला हातात घेऊन, पाय वर करून बसलेत. कुणाला त्याचं काही वाटत नाही. मी अप्पांना सरळच विचारते, उभी राहू का?

"उभी राहा. आपल्या घरातलं कुणीतरी पुढं यायलाच हवं. लोक तुझ्याकडे आशेनं बघताहेत."

ऐकायला गोड लागतं. फारच गोड. आणि मग आठवतं, परवा आमच्या सोफ्यावर बसून चिवडा खाता खाता काशीदांनी हेच म्हटलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवत होते, आणि मीही खुशाल चढले होते. तेच वाक्य आता अप्पांचा स्वेटर घालून माझ्यापुढं बसलंय.

"हे तुमचं बोलणं नाही," मी म्हणते.

ते गोड हसतात. अप्पांना असं हसता यायचं नाही.

बरं, म्हणते, उलटी बाजू करू. तुम्ही सांगा, मी का उभं राहू नये. ते तोंड उघडतात आणि आतून काहीच येत नाही. नुसती नंदीबैलासारखी मान हलवतात. माझं डोकंच फिरतं. एवढ्या लांबून आलात ते मान डोलवायला? मान डोलवणारे माझ्या घरात काय कमी आहेत?

ठीक आहे. अप्पांची बाजू मीच घेते. कमरेवर हात ठेवून उभी राहते आणि सुरू होते. काशीदांना तू नकोयस, तुझं आडनाव हवंय. वॉर्ड राखीव झाला नसता तर ते आपल्या गल्लीत फिरकलेही नसते. सभेत कागद पुढं सरकवतील, आणि वाचायला मागितलास तर म्हणतील, वहिनी, आमच्यावर विश्वास नाही का. समोरचे अप्पा माझी बाजू लढवतात. रस्ते, नळाचं पाणी, बायकांचं कुणी ऐकत नाही ते. मुद्दे काही वाईट नाहीत. मी एकेक मोडत जाते. कालव्याचं पाणी गुडघ्याला लागलंय. बोलता बोलता माझा आवाज घोगरा होतो, आणि मनातही नव्हतं ते तोंडून निघून जातं.

"वॉर्डाचं राहू दे. तू उभी राहतेयस ती मी नाही म्हणून. दुपारी भांडायला कुणी नाही, सभागृहात तरी कुणी भेटेल, असं वाटतंय तुला."

हे अप्पा बोलले. असं तेच बोलू शकतात.

"आठवण येते हो तुमची," एवढंच म्हणते मी, आणि टेबलावर जोरात हात आपटते.

जाग येते ती त्याच आवाजानं. शेजारच्या स्टुलावरचा तांब्या आडवा झालाय आणि पाणी फरशीभर पसरलंय. माझा उजवा तळहात लालभडक झालाय, चुरचुरतोय. स्टुलावरच आपटला असणार, दुसरं काय. पण स्वप्न पडत असताना माणसाचे हातपाय लुळे असतात, हलत नाहीत, असं मीच एकदा अप्पांना पेपरमधून वाचून दाखवलं होतं. त्यांना ते अजिबात पटलं नव्हतं.

खिडकीतली उन्हं कधीच उतरलीत, संध्याकाळ झालीय. मी तळहाताकडे बघत बसते. बाहेर गाडीचं दार लागतं आणि मुकुंद आत डोकावतो. काशीद आलेत, काय सांगायचं, विचारतो.

"नाही म्हणून सांग."

त्याचा चेहरा पडतो. "अप्पा असते तर त्यांना आवडलं असतं गं, तू उभी राहिलेलं."

"अप्पा असते तर मी हो म्हटलं असतं."