सात जणींसाठी टेबल

लग्नाआधी मैत्रिणींनी दोन दिवस कुठेतरी जाऊन यायचं, ही कल्पना नवरीच्या ऑफिसातल्या चौघींची. बॅचलरेट ट्रिप म्हणे. त्यांनी माउंट अबू ठरवलं, जयपूरहून अबू रोड स्टेशनची तिकिटंही काढली. जेवणाचं काम माझ्याकडे आलं. "तुला सगळ्यांचं बरोबर माहीत असतं," असं नवरी म्हणाली आणि मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

नवरी आणि मी जयपूरच्या खातीपुऱ्यात शेजारी-शेजारी वाढलो. दोघींचे वडील रेल्वेत. ती चौथीत असताना तिची आई गेली. तिची मोठी बहीण, आमची ताई, तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. सकाळी वडिलांचा डबा, मग कॉलेज, आणि संध्याकाळी धाकटीची वेणी आणि पाढे, असं ताईने वर्षानुवर्षं केलं. पुढे लग्न होऊन ती जवळच्याच सोडाला भागात राहायला गेली, तेही माहेर हाकेच्या अंतरावर राहावं म्हणून.

पाच-सहा वर्षांपूर्वी ताईला कमी ऐकू यायला लागलं. नस कमजोर होत चालली आहे, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती कानाला मशीन लावते. शांत खोलीत एका माणसाशी तिचं बोलणं नीट होतं. पण चार माणसं जमली की मशीन ताटल्या, खुर्च्या, पंखे, सगळंच मोठं करून कानात ओततं. मग ती बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघते. घरातलं मराठी तिला ओठांवरून कळतं. भरभर बोललेली हिंदी मात्र हातून सुटते.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही आठवडाभर मी अबूच्या हॉटेलांना फोन करत होते, ते भलतंच विचारत. एक जैन, तिला कांदा-लसूण नको. एकीला चिकनशिवाय जेवण जात नाही. एकीला तिखट सोसत नाही. "भैया, सात लोग हैं, सब साथ बैठेंगे, तलाव दिखना चाहिए." मोबाइलमध्ये मी प्रत्येकीसमोर काय हवं-नको ते लिहिलं होतं. ताईसमोर लिहिलं होतं, काहीही चालतं.

निघायच्या दोन दिवस आधी ताई मला म्हणाली, "मी नाही येत गं. मी असले की सगळ्यांना ओरडून बोलावं लागतं."

"काहीतरीच काय ताई! तुझ्याशिवाय ती जाईल का?" असं म्हणून मी तो विषय संपवला.

पहिल्या दुपारी आम्ही मी निवडलेल्या हॉटेलात गेलो. तलावाकडे मोठी काच, तिच्याजवळ लांबलचक टेबल, वर स्पीकरवर गाणी. चौघी काचेच्या बाजूला बसल्या, ताई त्यांच्यासमोर अगदी टोकाला. तलावावरून येणारा उजेड डोळ्यांवर येत होता आणि समोरच्यांचे चेहरे काळे दिसत होते. मला ते फक्त फोटो काढताना खटकलं.

ताई हसत होती. सगळ्या हसल्या की क्षणभर उशिरा ती हसायची. वेटरने काहीतरी विचारलं, तिने मान डोलावली, आणि तिच्यासमोर लालभडक मिरच्यांची कसलीशी भाजी आली. ती मुकाट्याने खात राहिली.

चौघींपैकी एक ऑफिसात नवीन होती. तिला घरचं काही माहीत नव्हतं. तिने प्रेमाने ताईकडे वाकून विचारलं, "दीदी, मम्मी शादी की शॉपिंग के लिए आ रही हैं ना?"

ताई छान हसली. म्हणाली, "हां हां, ज़रूर."

नवरीच्या हातातला चमचा तसाच राहिला. ज्यांना माहीत होतं त्या गप्प झाल्या. नवीन मुलगी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. ताईसुद्धा बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू कसं उतरलं ते मला अजून दिसतं. नवरी उठून बाहेर गेली.

ताईने मला दंडाला धरून विचारलं, "काय झालं? काय म्हणाले मी?"

मी तिला बाहेर व्हरांड्यात नेलं, उजेडाकडे तोंड करून उभी राहिले आणि मराठीत, सावकाश सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलं, जेवण आवडलं का विचारतेय." आणि थोड्या वेळाने, "मी हसते ना, तेव्हा मला काहीही कळलेलं नसतं. तुला तरी माहीत असेल असं वाटलं होतं."

त्या संध्याकाळचं टेबल मी रद्द केलं. डोकं दुखतंय असं सांगून सगळ्या खोल्यांतच जेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी इतर जणी उठायच्या आत मी बाजारात गेले. या खेपेला आत जाऊन बसले, चहा मागवला आणि डोळे मिटून ऐकलं. एका ठिकाणी मिक्सर, एका ठिकाणी रस्त्यावरचे हॉर्न. चौथी खानावळ साधी होती, थाळी देणारी. तलाव दिसत नव्हता. मालक जाडजूड, मान वर करून टीव्हीवर मॅच बघत होते.

"दुपारी दोन टेबलं जोडून चौकोन करून द्याल का? आणि टीव्हीचा आवाज बंद लागेल," मी हिंदीत सांगितलं.

"आवाज़ क्यों बंद, बहनजी? मॅच है."

मी कारण सांगितलं. त्यांनी रिमोट उचलला आणि तेव्हाच आवाज बंद केला. "मेरे पिताजी भी ऐसे ही थे," एवढंच म्हणाले.

दुपारी ताईला भिंतीला पाठ लावून बसवलं. उजेड आमच्या तोंडांवर येत होता. एकीने बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं, असं ठरलं. खरं सांगायचं तर गप्पा जरा अवघडल्यासारख्याच झाल्या. कुणी विसरून मध्येच बोलायचं, मग ओशाळायचं. पण ताईने तीन वेळा म्हटलं, "समझ में नहीं आया, फिर से बोलो," आणि तिसऱ्या वेळेला ती माफी मागितल्यासारखं बोलली नाही. नवीन मुलगी तिच्या शेजारी बसली होती, लागेल ते मोबाइलवर लिहून दाखवत होती.

नवरीने ताईचा हात धरला. तिचं मराठी जयपूरचं, हिंदीत भिजलेलं. "काल मी रागावले. मतलब, तुझ्यावर नाही. लग्नात आई कुठे आहे, असं मला कुणीतरी विचारेल याचीच भीती वाटत होती." ताईने तिच्या ओठांकडे बघत सगळं ऐकलं आणि तिच्या ताटात स्वतःच्या वाटीतला मूगडाळीचा हलवा वाढला.

लग्न जयपुरातच झालं. वडील एकटे, म्हणून कन्यादान ताई आणि तिच्या नवऱ्याने केलं. सनईच्या आणि माणसांच्या गलक्यात गुरुजी पोथीत बघून सूचना देत होते. त्यातलं ताईपर्यंत काहीच पोहोचत नव्हतं. तेव्हा नवरीनेच मुंडावळ्या बाजूला केल्या आणि एकेक सूचना तिच्याकडे तोंड करून सांगितली. "ताई, आता पाणी सोड." ताईने पाणी सोडलं.

आता ताईचा डावा कान पूर्ण गेला आहे. समारंभांना ती कमी जाते, पण जाते तिथे आधीच सांगते. काही जण कंटाळतात, तेही तिला दिसतं.

मी अजूनही विसरते. परवा ती माझ्याकडे आली होती. गॅसकडे तोंड करून चहा गाळता गाळता मी बराच वेळ काहीतरी सांगत होते. तिने खांद्याला धरून मला वळवलं आणि म्हणाली, "हं, आता बोल."