नेदरलँडची चॅम्पियन आणि आमचं एकुलतं टेबल

मागच्या मंगळवारी माझं डोकं इतकं फिरलं होतं, की राजीनामा खिशात असता तर तिथंच देऊन टाकला असता...

वालूरजवळच्या एका गावात मी शाळेत खेळ शिकवतो. गावाचं नाव लिहीत नाही, अजून तिथंच नोकरी करायची आहे. शाळेत टेबल टेनिसचं एकच टेबल आहे आणि त्यावर घडलेली एकच पोरगी, आठवीतली निकिता. ती जिल्ह्यात पहिली आली. गुरुवारी विभागीय स्पर्धेला निघायचं होतं आणि तिची बॅकहँड सर्व्हिस अजून दहातल्या चार वेळा नेटमध्ये जात होती. हातात फक्त मंगळवार आणि बुधवार.

...तर मंगळवारी गावानं तिचा सत्कार ठेवला.

ठेवा, माझी ना नाही. पण स्टेजवर पाहुण्यांसमोर मोठं टेबल लागतं, आणि गावात तेवढं मोठं टेबल एकच. सकाळी आठला शाळेच्या हॉलवर पोचलो तर आमचं टेबल स्टेजवर, त्यावर झालरीचं कापड, कापडावर तेलानं भरलेली समई आणि बावीस नारळ. जिच्या खेळाचा सत्कार, तिचाच खेळ बंद. हे मी तीन जणांना समजावून सांगितलं. तिघंही म्हणाले, "एका दिवसानं काय होतंय सर?"

कार्यक्रम अकराचा. साडेबाराला कळलं की पाहुण्यांची गाडी देवगाव फाट्यावर आलीय. दीड वाजताही ती फाट्यावरच होती... निकिता हॉलच्या भिंतीवर बॉल मारत उभी होती. साडीत. हो, सत्कार म्हणून तिला साडी नेसवली होती.

पाहुण्या म्हणजे शेजारच्या गावच्या माजी सरपंच. साठी उलटलेल्या, सगळे त्यांना आक्का म्हणतात.

आता एका कागदाबद्दल सांगतो. नेदरलँडच्या एका टेबल टेनिस चॅम्पियनची गोष्ट मी पोरांना इतक्यांदा सांगितलीय की ती मला टाळतात. निकितानं मनोगतात तीच सांगावी म्हणून मी एक पान लिहून दिलं होतं. त्या बाईंच्या नावाचा उच्चार मला नीट येत नव्हता, म्हणून नावाच्या जागी टिंबं ठेवली होती. ते पान गेलं आमच्या सूत्रसंचालक जाधव सरांच्या फाइलमध्ये. आणि परिचयाच्या कागदावर टिंबं दिसली की जाधव सर पेन काढून तिथं पाहुण्यांचं नाव भरतात. इतक्या वर्षांची सवय...

"अत्यंत साध्या कुटुंबात जन्मलेल्या आदरणीय आक्का," पाहुण्या एकदाच्या येऊन स्टेजवर बसल्यावर जाधव सरांनी सुरू केलं, "गावातल्या क्लबच्या कोपऱ्यातल्या टेबलावर खेळायला शिकल्या."

मी खुर्चीतून अर्धा उठलो.

"अनेक वर्षं हरल्या, पण टेबल सोडलं नाही. पुढे त्या नेदरलँडच्या राष्ट्रीय विजेत्या झाल्या..." इथं तरी थांबतील असं वाटलं. कसले थांबतात! आक्कांनी युरोप गाजवला, मनगटाच्या दुखापतीतून पुनरागमन केलं, चाळिशीनंतर निम्म्या वयाच्या मुलींना हरवलं, आणि आता त्या आपल्या जुन्या क्लबात मुलांना शिकवतात. लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. मला टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटत होतं.

आक्का बोलायला उठल्या. चष्मा लावला, जाधव सरांकडून कागद मागून घेतला आणि सावकाश पूर्ण वाचला.

"हे माझं न्हाई," त्या म्हणाल्या. "मी फाट्याच्या पुढं लय कमी गेले जिंदगीत. पर ऐकायला बरं वाटलं, म्हणून मधी बोलले न्हाई." मग निकिताकडं वळून, "या बाईनं टेबल सोडलं न्हाई म्हणं. तुझं टेबल कुठंय बाई?"

निकितानं बोट दाखवलं... थेट नारळांकडं.

"मंग आमी कामून बसलोत इथं?"

आणि त्यांनी स्वतः पहिला नारळ उचलला. मग बाकीच्यांची काय टाप होती बसून राहायची? पाच मिनिटांत नारळ सतरंजीवर, समई खिडकीत, झालर जाधव सरांच्या काखेत. जे मी सकाळपासून घसा फोडून सांगत होतो, ते एका वाक्यात झालं, याचाही मला थोडा रागच आला.

निकितानं पदर खोचला आणि अख्ख्या गावासमोर सर्व्हिस मारायला घेतल्या. पहिल्या दोन नेटमध्ये. आक्का पलीकडच्या टोकाला वाकून वाकून बॉल गोळा करत होत्या. संध्याकाळपर्यंत दहातली एखादीच चुकत होती.

विभागीयला निकिता दुसऱ्या फेरीत हरली, पण सर्व्हिसवर नाही. परत आल्या आल्या तिनं तो कागद हॉलच्या भिंतीवर, टेबलासमोर चिकटवला. समईच्या तेलाचा गोल डाग मात्र टेबलावरून अजून गेलेला नाही, आणि त्यावर मी रोज चिडतो.

कागदावर टिंबांच्या जागी जाधव सरांच्या अक्षरात अजून "आक्का"च आहे. त्या चॅम्पियनबाईंचं नाव आता मला नीट घेता येतं... पण मी ते खोडणार नाही.