फक्कीची रेषा

जयसिंगपूरच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली, तेव्हा माझ्या सायकलीला अप्पांनी कुणाला हात लावू दिला नाही. धोतर वर खोचून ते स्वतः शिडीनं टपावर चढले. चाकांखाली पोतं अंथरलं, सायकल आडवी निजवली आणि म्हशीच्या दाव्यानं आवळून बांधली. खाली कंडक्टर ओरडत होता, "ओ पावणं, म्हस बांधतायसा का सायकल? आटपा की!" अप्पा वरूनच म्हणाले, "म्हशीपेक्षा जास्त जपलीया. जरा दम धर की."

अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, कडक भाकरी आणि शेंगांच्या चटणीचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. "रडू नगंस, सगळी बघाय लागल्यात," म्हणाली आणि स्वतःच पदर डोळ्यांना लावला. अप्पा खाली उतरून खिडकीशी आले. मी म्हटलं, "अप्पा, पुण्यातल्या पहिल्या रेसला यायचं हं."

"मी न्हाय यायचा. रेसला तर मुळीच न्हाय. माझा हात लई आगाव हाय, आधीच पुढं जातोय."

एवढं बोलून त्यांनी दोन्ही हात बंडीच्या खिशात घातले. गाडी हलली, अव्वा पदर हलवत राहिली, शेजारी अप्पा खिशात हात घालून नुसते उभे. हात दाखवलासुद्धा नाही. माझ्यासारखी घर सोडून गेलेली जी कुणी असतील त्यांच्या डोळ्यांसमोर निरोपाचा हलणारा हात असेल. माझ्या डोळ्यांसमोर न हललेला आहे.

त्या हाताची गोष्ट सांगायची तर आधी अप्पांची सांगावी लागेल. अप्पा पैलवान. शिरोळजवळच्या आमच्या गावात तालमीचे वस्ताद आणि उसाचे शेतकरी. खांदा निखळला म्हणून कुस्ती लवकर सुटली, पण डोक्यातून कधी गेली नाही. माझा भाऊ आखाड्यातली माती नाकात गेली की शिंकत सुटायचा, त्यामुळं तिकडून आशा नव्हती. मी मात्र शाळेला सायकलनं जाताना वाटेत कुणालाच पुढं राहू द्यायची नाही. कबड्डीच्या सरांनी हे अप्पांच्या कानावर घातलं, आणि अप्पांना सायकलीच्या रेसमधलं ओ की ठो कळत नसताना ते माझे वस्ताद झाले.

त्यांनी मला पैलवानासारखं तयार केलं. पहाटे बैठका, मग अव्वाकडून तेलाचं मालिश, मग बदाम-खसखशीची थंडाई, वर आमच्याच म्हशीचं धारोष्ण दूध. ते झालं की सायकल. जायचं कबनूरच्या दिशेनं. तिथल्या यंत्रमागांचा खडखडाट ऐकू आला की परत फिरायचं. अंतर मोजायचं आमचं साधन तेच. "बघणाऱ्याला तब्येत दिसाय पायजे," असं अप्पांचं मत. आज मी शिकवताना सांगते की चढावर अंगातलं प्रत्येक जादा किलो तुमच्याशी भांडतं. तेव्हा मी बहुधा महाराष्ट्रातली सगळ्यात वजनदार सायकलपटू असेन. सपाट रस्त्यावर माझ्यापुढं कुणाला जाता यायचं नाही आणि जरा चढ आला की शेंबडी पोरगीही मला ओलांडून जायची. एकदा रेसच्या आधी अप्पांनी चरवीभर दूध पाजलं. हातकणंगल्याच्या अलीकडंच ते सगळं रस्त्यावर आलं. अप्पा विचार करून म्हणाले, "म्हस बदलाय पायजे."

आणि मग आमच्या जत्रेची ती रेस आली. जत्रेला कुस्त्यांचं मैदान दरवर्षी असायचंच. त्या वर्षी अप्पांनी पंचांच्या मागं लागून मुलींची सायकल रेसही ठेवायला लावली. कोल्हापुरातून निघायचं आणि आमच्या गावात शाळेसमोर संपवायचं. जिल्ह्याबाहेरूनही मुली आल्या, कारण पहिल्या येणाऱ्या मुलीला पंजाबातल्या मोठ्या शिबिराला पाठवणार होते. फक्त पहिल्या. हे गावातल्या शेंबड्या पोरापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी मी दूध प्यायले नाही, गपचूप मांजराला घातलं. चढ सुरुवातीलाच संपले आणि पुढं सगळी सपाटी, म्हणजे माझं राज्य. जयसिंगपूर सोडल्यावर मी एकटीच पुढं होते. मागं सांगलीची विद्या, तीही बरीच लांब. गावाची वेस दिसली, हलगी ऐकू आली. पोरांनी रस्त्यावर उसाची कमान उभारली होती. पंचांनी चुन्याच्या फक्कीनं मारलेली पांढरी रेषा मात्र कमानीच्या पुढं, शाळेच्या दारासमोर होती.

आता मैदानातल्या कुस्तीचं बघा. समोरच्याची पाठ मातीला लागली की कुस्ती संपली. तिथं रेषा नसते. पाठ लागलेली दिसली की लोक आखाड्यात घुसतात, गुलाल उधळतात आणि पैलवानाला खांद्यावर घेतात. अप्पांना लांबवर दुसरी कुणी दिसली नाही. त्यांच्या दृष्टीनं मी कमानीजवळ आले तेव्हा बाकीच्या मुलींची पाठ मातीला लागलेली होती. ते सगळ्यात पुढं धावले आणि त्यांच्यामागं अख्खी तालीम. अप्पांनी माझ्या कमरेत हात घालून मला उचललं. माझे पाय पेडलच्या पट्ट्यांत अडकलेले, त्यामुळं सायकलही माझ्याबरोबर वर आली. मी ओरडत होते, "अप्पा सोडा, रेषा पुढं हाय! रेषा पुढं हाय!" पण हलगीपुढं माझा आवाज कुठं ऐकू जाणार? डोळ्यांत गुलाल गेला होता. त्या गुलालातून मला उसाच्या कडेकडेनं वाट काढत जाणारी विद्याची पांढरी टोपी दिसली. मग शिट्टी वाजली.

पंचांना वाईट वाटलं, विद्यालाही वाटलं. पण नियम तो नियम, आणि पंजाबला विद्या गेली. गावानं ही गोष्ट हसत हसत वर्षानुवर्षं सांगितली. अप्पा हसले नाहीत. विहिरीवर त्यांनी हात घासघासून धुतले, तरी गुलाल काही दिवस नखांत राहिलाच. रात्री जेवताना ताटाकडं बघत म्हणाले, "जिंकल्याली कुस्ती मीच सोडवली, शैले."

मी म्हटलं, "असू दे की, अप्पा."

खरंच सांगते, मला राग आला नव्हता. मी लहान होते, पुढं रेसेसची रांग लागणार आहे असं वाटत होतं. तो राग अप्पांनी स्वतःच स्वतःवर धरला, आणि तो काढून घ्यायची युक्ती मला कधी सापडली नाही. पुढच्या वर्षी पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात माझी निवड झाली, तेव्हाच त्यांनी ठरवून टाकलं की माझ्या रेसच्या रस्त्यावर पाऊल ठेवायचं नाही.

पुण्यातल्या कोचनी मला वजनकाट्यावर उभं केलं आणि कपाळाला हात लावला. थंडाई बंद, बैठका कमी, चढाचा सराव रोज. मी बारीक झाले, चढ जमायला लागले. वसतिगृहातल्या पोरी माझ्या 'मी जातो, मी खातो'ला हसायच्या. मीही मग 'जाते, खाते' शिकले. रेसेस जिंकले, काही हरले. प्रत्येक वेळी रेषेजवळ आले की नजर गर्दीत धोतर शोधायची. एकदा रेस चक्क कोल्हापुरात होती. अव्वा डबा घेऊन आली. मी विचारलं, "अप्पा?" अव्वा म्हणाली, "राजारामपुरीत मावशीच्या घरात बसल्यात. संपल्यावर सांगा म्हणालं." दोन गल्ल्या पलीकडं माझा बाप चहा पीत बसला होता आणि मी जिंकत होते. बक्षीस घेताना मला त्या रेसचं काहीच वाटलं नाही.

पुढं खेळाडू म्हणून रेल्वेत नोकरी लागली, बंगळूरला बदली झाली, लग्न झालं, तिथलीच झाले. घरी आम्ही अर्धं कन्नड बोलतो म्हणून वाटलं होतं की तिथं अवघड जाणार नाही. पण आमचं सीमेवरचं कन्नड ऐकून तिथली माणसंही हसायला लागली. गुडघ्यानं रेसिंग थांबवलं, तसं मी शिकवायला लागले. आता माझ्याकडं सॉफ्टवेअरमधली माणसं येतात. छातीला हार्ट रेटचा पट्टा, खिशात एनर्जी जेल, सायकल माझ्या पहिल्या घरभाड्यापेक्षा महाग. त्यांना लांब पल्ल्याच्या राइड करायच्या असतात. मी सांगते, भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या. रेसच्या दिवशी पोटात नवीन काही घालू नका, कितीही मायेनं दिलेलं असलं तरी. पहिल्या तासात जो शहाणपणा करतो तोच शेवटच्या तासात सायकल चालवतो. वाऱ्यात दुसऱ्याच्या मागं लपा, पण आपली पाळी आली की पुढं या. रेसच्या आधीच्या आठवड्यात कमी चालवा, पाय आपोआप विसरत नसतात.

आणि सगळ्यात शेवटी सांगते की रेषेपर्यंत मारायची नाही. रेषेच्या पुढचा एखादा खांब धरायचा आणि त्याच्यापर्यंत मारायची. कुणी टाळ्या वाजवू दे, कुणी नाव घेऊन हाक मारू दे, मागचं चाक रेषेवरून गेल्याशिवाय थांबायचं नाही. ते मान डोलावतात, त्यांना हे टेक्निक वाटतं. हे सांगताना माझ्या नाकात गुलालाचा वास येतो.

गावी जाणं वर्षाला एकदा, मग दोन वर्षांतून एकदा असं लांबत गेलं. फोनवर अप्पा उसाचं सांगायचे, पुराचं सांगायचे, रेसचं कधी नाही. एका सुट्टीत मी कोल्हापूरला मावशीकडं उतरणार होते. निघायच्या आधी फोनवर सहज म्हणून गेले, "अप्पा, या बारीला कोल्हापुरातनं सायकलनंच येतो बघा."

अप्पांनी विचारलं, "कवा पोचशील?"

"ऊन चढायच्या आत," म्हटलं आणि दुसऱ्या विषयाकडं वळले. बोलणं माझ्या लक्षातही राहिलं नाही. माझी मुलगी लहान, बरोबर बॅगा, सायकल बंगळूरच्या गॅलरीत. राजारामपुरीतून भाड्याची गाडी केली आणि निघता निघता दुपार झाली.

गावात शिरल्यावर शाळेजवळ ड्रायव्हरनं वेग कमी केला. "मॅडम, रस्त्यात हे काय आखलंय?" रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत फक्कीची पांढरी रेषा होती. ताजी आणि जाड, एका म्हाताऱ्या हातानं वाकडी मारलेली. रेषेच्या पलीकडं बऱ्याच लांब, आमच्या घराच्या बाजूला विजेच्या खांबाशी अप्पा उभे होते. दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरलेले. नवा फेटा बांधलेला. सकाळपासून तिथंच उभे होते, हे अव्वानं नंतर सांगितलं.

गाडी रेषेच्या अलीकडं थांबली होती. मी काचेतून हाक मारली. अप्पा जागचे हलले नाहीत. हनुवटीनं फक्त 'ये' अशी खूण केली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. ड्रायव्हरला म्हटलं, "पुढं घ्या." पुढची चाकं रेषेवरून गेली, मागची गेली, गाडी खांबापाशी उभी राहिली. मगच अप्पांनी पाठीमागचे हात सोडले आणि दार उघडून माझ्या डोक्यावर ठेवले.

"ह्या बारीला आधी हात न्हाय लावला बघ," म्हणाले. तोंडभर हसत होते. मग त्यांनी गाडीच्या टपाकडं बघितलं, मागं जाऊन डिकीकडं बघितलं. "सायकल कुठं हाय?"

मी मुलीला गाडीतून उतरवायला लागले.

"मागनं येतीया?"

"न्हाय अप्पा. न्हाय आणली."

ते क्षणभर रेषेकडं बघत राहिले. मग माझ्या मुलीला उचलून घेत म्हणाले, "असू दे की."

संध्याकाळपर्यंत उसाच्या ट्रॅक्टरांनी रेषा पुसून टाकली. भावाची सायकल घेऊन एक चक्कर मारावी असं मला रोज वाटायचं, पण अप्पांनी विषय काढला नाही आणि मलाही ते नाटक केल्यासारखं वाटलं. पुढच्या पावसाळ्यात अप्पा गेले.

त्यानंतर मी गावी गेले ती सायकल घेऊनच. मावशीच्या दारातून पहाटे निघाले आणि तोच रस्ता धरला. आता गुडघा कुरकुरतो, सगळेच पुढं निघून जातात, मागांचा आवाजही पहिल्यासारखा ऐकू येत नाही. ऊन चढायच्या आत शाळेजवळ पोचले. रस्ता काळा होता, कुणी काही आखलेलं नव्हतं. बंगळूरला माझं घर आहे, हप्ते फिटलेत, नावाची पाटी आहे. पण घरी पोचल्यासारखं मला आयुष्यात एकदाच वाटायचं होतं, रेषेपलीकडं अप्पा असताना, सायकलीवरून. ते माझ्या हातून राहून गेलं आणि आता त्याला इलाज नाही.

मी थांबले नाही. शिकवते तसं खांबापर्यंत मारत नेली. खांबाला हात टेकला आणि पाय पट्ट्यांतून न काढता तशीच सायकलीवर बसून राहिले. घराच्या दारातून अव्वा बघत होती. मग पदर सावरत रस्त्यावर आली आणि हँडल धरलं.

"उतर की गं, बाळा," म्हणाली. "आता कोण उचलाय येतंय?"