विजयाचा राखणदार

...तर मेंढ्यानं शिंगावर घेऊन ओढ्यात फेकलेला सिगुर्दर कपडे पिळत घरी आला, इथवर काल आलो होतो आपण.

आता बघा, नाव कुणाचं? सोन्यावर वेटोळं घालून बसलेल्या राक्षसी सापाला मारून त्याचं काळीज भाजणाऱ्या, पाखरांची बोली कळणाऱ्या त्या जुन्या वीराचं. पहिला तुकडा म्हणजे विजय, दुसरा म्हणजे राखणारा. विजयाचा राखणदार. आणि आमचा सिगुर्दर साठ वर्षांत एक कुस्ती जिंकला नाही. पण नाव आजोबांकडून आलेलं, म्हणून जिवापाड जपलेलं. पोटी तीन मुलीच. नाव आपल्याबरोबरच मातीत जाणार, ही एकच सल.

अशात धाकट्या स्टेनवोरला मुलगा झाला. आमच्या आइसलंडात गेलेलं माणूस आईच्या स्वप्नात येऊन आपलं नाव बाळाला ठेवा म्हणतं. ते नाकारलं तर पोराला लाभत नाही. स्टेनवोरच्या स्वप्नात एक म्हातारा आला. तोंड दिसलं नाही, हातात दोन-दोन अंगठे असलेले हातमोजे.

"माझे वडीलच," जावई हाल्डोर म्हणाला. "एका बाजूनं झिजला की उलटा घालायचा मोजा दर्यावर्द्याशिवाय कोण वापरतो? नाव ब्रांद. ठरलं."

बारशाच्या आदल्या दिवशी सगळे कॉफी घेत बसले होते.

"स्वप्नातला म्हातारा बोलला मात्र एवढंच," स्टेनवोर म्हणाली, "कोकरं आत घेतली का?"

सिगुर्दरला आपले आजोबा आठवले. आजोबा रोज संध्याकाळी दारातून हेच विचारायचे, आणि मेंढवाड्यातही हातात तेच मोजे. पण सांगावं कसं? लोक म्हणतील, म्हातारा नावाला हपापलाय. तो नुसती कॉफी ढवळत राहिला.

"अरे, सांग की," बायको ओदनी म्हणाली. "का मी सांगू? तुझ्या आजोबांनी मला लग्नाच्या दिवशीसुद्धा हेच विचारलं होतं."

हाल्डोर पोट धरून हसला. "आमच्या बाबांनी जन्मात कोकराला हात लावला नाही. वासच सहन व्हायचा नाही त्यांना. घ्या, सिगुर्दरच ठेवू. पण म्हातारबा, उद्या पोरगं विचारेल, विजयाचे राखणदार म्हणवता, तुम्ही जिंकलात काय? काय सांगाल?"

सिगुर्दरनं कॉफीचा कप खाली ठेवला.

"सांगेन, बाळा, नावात जिंकायचं काम नाहीच, राखायचं आहे. आता ऊठ, कोकरं आत घेतली का बघ."